तिसरी जागा

चष्मा घरी राहिला म्हणून थोरली बसथांब्यावरून परत फिरली आणि तेवढ्याशा कारणाने तिची सबंध सकाळ टराटरा फाटली. दार नुसतं लोटलेलं होतं. आतल्या खोलीत आई पाठ ताठ करून, मांडीखाली उशी घेऊन बसली होती. कानातलं यंत्र काढून बशीत ठेवलेलं, डोळे मिटलेले. आईची ही मैत्री करायची वेळ. ‘मैत्री करायला बसते’ असंच आई म्हणायची, भाजी निवडायला बसते म्हणावं इतक्या साधेपणाने. इतकी वर्षं या वेळेला थोरली कामाला निघालेली असायची आणि सुट्टीच्या दिवशी ती तोंडावर पांघरूण ओढून पडलेली असायची, त्यामुळे आईची मैत्री तिने ऐकलीच नव्हती. ऐकण्यासारखं नव्हतंही काही. आई ती मनातल्या मनात करायची, फार तर ओठ हलायचे. पण कान गेले, आपलाच आवाज आपल्याला ऐकू येईना, तशी ओठांची हालचाल कुजबुजीवर आली आणि कुजबूज वाढत वाढत चांगल्या खणखणीत बोलण्यावर. आईला ते कळलं नव्हतं. थोरलीला ते आत्ता, दाराच्या फटीत एक पाय घरात आणि एक बाहेर असताना कळत होतं. “मी सुखी असो, निर्वैर असो,” आई म्हणत होती. “धाकटा सुखी असो. त्याच्या घरात शांती असो, त्याला झोप लागो.” आणि मग थोडं थांबून, पुढच्या खोलीतली वस्तू आणायला जावं तसं: “जिच्याविषयी मला प्रेमही वाटत नाही आणि रागही येत नाही, जी रोज दिसते आणि दिसत नाही, ती थोरली. थोरली सुखी असो.”

चष्मा टेबलावरच होता. तो उचलून, दार आवाज न करता ओढून घेऊन (कशाला जपायचा आवाज, तिला ऐकू थोडंच येणार होतं!) थोरली जिना उतरली. थांब्यावर आली तेव्हा तळपायाची आग मस्तकात गेलेली होती. चूक ऐकलं असेल, असं तिने स्वतःला म्हणून पाहिलं. पण ऐकण्यात चूक होणं हा तिच्या पोटापाण्याचा विषय. तिचे स्वतःचे कान ठणठणीत होते. शिवाय त्या चार जागा तिला ठाऊक होत्या. बाबा गेले त्या वर्षी आईने शीलं घेतली, विहारातल्या भन्त्यांकडून ही मैत्रीची साधना शिकून आली आणि संध्याकाळी कणीक मळता मळता तिने ती थोरलीला समजावूनही सांगितली होती. पहिल्या जागी आपण स्वतः. दुसऱ्या जागी आपलं आवडतं माणूस. तिसऱ्या जागी ज्याचं आपल्याला सुखदुःख नाही असं कुणीतरी, रोज दिसणारं. चौथ्या जागी वैरी. चौघांना सारखंच मागायचं, कुणाच्या वाट्याला थेंबभर कमी नाही की जास्त नाही, आणि मग ते चारी दिशांना सोडून द्यायचं. “तिसरं माणूस मिळणंच कठीण गं,” आई तेव्हा हसून म्हणाली होती. “ज्याला त्याला आपण कुठल्या ना कुठल्या डब्यात घातलेलं असतंच.” शेवटी तिने पोस्टमन निवडला होता. पोस्टमन! म्हणजे तो निवृत्त झाल्यावर ती जागा रिकामी पडली आणि आईने इकडेतिकडे पाहिलं, तर समोर कोण, तर औषधाची बाटली हलवत उभी असलेली थोरली. पोस्टमनची बदली! त्याला निदान दर महिन्याला पगार तरी होता.

बसमध्ये उभ्याने तिने सगळं उगाळलं. आईचं पाय चेपणं, आईच्या पथ्याचं बिनमिठाचं वेगळं पातेलं, पावसाळ्यात आईचे न वाळणारे कपडे इस्त्रीने वाळवणं, रात्री आई कण्हली की भिंतीपलीकडून आधी जागं होणारं आपलं शरीर, मग आपण. एक चांगलं स्थळ येऊन परत गेलं होतं, कारण त्यांना मुलीबरोबर येणारी सासू चालणार नव्हती. आणि थोरलीने कुणी न विचारताच नाही म्हणून टाकलं होतं. हे सगळं करताना तिने कधी बक्षीस मागितलं नव्हतं. पण आपण दुसऱ्या जागी आहोत हे ती धरूनच चालली होती, जशी माणसं पायाखाली जमीन धरून चालतात. आणि दुसऱ्या जागी कोण, तर धाकटा! दर रविवारी फोनवर “आई, जेवलीस का” विचारणारा धाकटा, जो आला की आईसाठी मऊ शाल आणतो आणि तिसऱ्या दिवशी जातो. दुरून डोंगर साजरे, दुसरं काय. पिकतं तिथे विकत नाही. आईच्या आईपणाबद्दल तिला राग आला, मग त्या साधनेबद्दल आला. जगातल्या सगळ्या प्राण्यांसाठी मागता, पायांच्या, बिनपायांच्या, जन्मलेल्या, जन्मायच्या, आणि ज्या हाताने सकाळी दात घासायला पाणी दिलं तो हात दिसत नाही! हे कसलं प्रेम? हे तर नळ उघडा टाकून बाहेरगावी जाणं झालं. आकाशभर करुणा करायला काय जातं, आकाश काही आजारी पडत नाही.

मागच्या रविवारी धाकट्याने फोनवर सांगितलं होतं की त्याच्या घराजवळच्या वृद्धनिवासात एक खोली रिकामी होते आहे, बाग आहे, डॉक्टर आहे, ध्यानाला वेगळं दालन आहे. आईला हवी असेल तर गुरुवारी संध्याकाळपर्यंत कळव, नाहीतर खोली दुसऱ्याला जाईल. “ताई, तू पण किती दिवस करणार?” तो म्हणाला होता. थोरलीने आईला विचारलंसुद्धा नव्हतं. विचारायचं काय त्यात? आई कुठे जात नाही, हे तिला आईपेक्षा जास्त माहीत होतं. फक्त चार दिवस थांबून, रुसल्यासारखं करून मग नाही कळवायचं, एवढंच तिने ठरवलं होतं. आज गुरुवार. बसच्या दांड्याला एका हाताने लटकत दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने तिने लिहिलं: ‘घेऊन जा तिला.’ आणि पाठवून दिलं. मग खिडकीबाहेर पाहिलं. दुकानांची शटरं वर जात होती. कुणीतरी पायऱ्या धूत होतं. छातीत जिथे हलकं वाटायला हवं होतं तिथे कुणी तरी वीट ठेवल्यासारखं झालं होतं.

श्रवणयंत्रांच्या एका दवाखान्यात थोरली कानाचे साचे घ्यायची. प्रत्येकाच्या कानाची वळणं वेगळी, एकाचं यंत्र दुसऱ्याला बसत नाही. म्हणून कानात मऊ लगदा भरायचा, तो घट्ट होईपर्यंत थांबायचं आणि अलगद फिरवून बाहेर काढायचा, की गोगलगाईसारखा त्या माणसाचा कान हातात येतो. मोठी नाजूक बाब. लगदा आत पडद्याशी जाऊ नये म्हणून आधी दोरा बांधलेला कापसाचा बोळा सारावा लागतो. इतक्या वर्षांत तिचा हात कधी चुकला नव्हता. माणसं तिला कानांवरून आठवायची; रस्त्यात कुणी हसून नमस्कार केला तर ती चेहरा सोडून बाजूला पाहायची आणि मग म्हणायची, हां, डाव्या कानाला भोक पडलेले काका. आज ती आत शिरली तेव्हा नोंदणीच्या टेबलामागच्या मुलीने तिच्याकडे एकदा पाहिलं आणि खुर्ची मागे सरकवली.

“आज तोफेच्या तोंडी कोण आहे, ताई?”

“कुणी नाही. तू गप काम कर.”

“मग मीच दिसतेय.”

थोरली हसली नाही. दुपारपर्यंत तिने कान साफ केले, साचे घेतले, घासले, डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या. मनात मात्र आईशी भांडण चालूच होतं आणि त्या भांडणात आई एक शब्द बोलत नव्हती, म्हणून ते संपत नव्हतं. जेवणाच्या सुट्टीनंतर एक म्हातारे गृहस्थ आले, दरवर्षी येणारे. उजवा कान, लांब पाळी, आत केसांचा पुंजका. तिने त्यांना खुर्चीवर बसवलं, मान कलती केली, लगदा मळून पिचकारीत भरला. भरता भरता तिला आठवलं की लहानपणी तापात आई अशीच तिची मान मांडीवर कलती धरून कानात कोमट तेल सोडायची आणि म्हणायची, “हलू नकोस, समुद्र ऐकू येईल.” त्या वेळी मी कितव्या जागी होते, तिने मनातल्या आईला विचारलं, आणि पिचकारीचं टोक कानाशी नेलं.

“बाई,” म्हातारे म्हणाले, “तो दोऱ्याचा कापूस आज नको का?”

थोरलीचा हात हवेतच राहिला. बोळा ट्रेमध्ये होता, दोऱ्यासकट, कोरडा. लगदा पडद्यावर जाऊन घट्ट झाला असता तर या माणसाचं उरलंसुरलं ऐकणंही तिने आज स्वतःच्या हातांनी संपवलं असतं, आणि तेही सुखी असो, सुखी असो यावरून भांडता भांडता. ती म्हणाली, “माफ करा. चुकलंच माझं. थोडं थांबू या का?” आणि पिचकारी बाजूला ठेवून त्यांच्या समोरच्या स्टुलावर बसली. म्हाताऱ्यांनी मान सरळ केली. त्यांचे डोळे घारे होते. भुवईत एक जुनी खोक होती. दाढी करताना हनुवटीखालचे चार केस राहून गेले होते, तिथे बघणारं घरात बहुधा कुणी नव्हतं. दरवर्षी येणाऱ्या या माणसाचा चेहरा आपण आज पहिल्यांदा पाहतोय, हे तिच्या लक्षात आलं आणि ते तिला मुळीच आवडलं नाही.

“घरी काही झालंय का?” त्यांनी विचारलं.

“आईशी भांडण.”

“जोरात?”

“तिला माहीतच नाही.”

म्हातारे यावर इतके हसले की तिला पुन्हा त्यांची मान धरून कलती करावी लागली. “माझी बायकोसुद्धा अशीच,” ते म्हणाले, “तीन तीन दिवस भांडायची, मला ऐकूच यायचं नाही. आता यंत्र चांगलं मिळालंय, तर ती नाही.” मग तिने बोळा सारला, दोनदा पाहिला, आणि लगदा भरला.

चूक आपली झाली म्हणून राग कमी व्हावा असं कुठे असतं? उलट तो आता दोन तोंडांनी जळत होता. संध्याकाळी जिना चढताना वरच्या मजल्यावरचा पेन्शनर भेटला, ज्याचं चालण्याचं यंत्र रोज सकाळी त्यांच्या डोक्यावर धाड धाड वाजायचं. पूर्वी आईचं आणि त्याचं यावरून कडाक्याचं वाजलं होतं, पोलिसांत जाण्याच्या गोष्टी झाल्या होत्या. हल्ली मात्र त्याने यंत्राखाली जाड रबर टाकलं होतं आणि भेटला की तो आईची विचारपूस करायचा. थोरलीला त्याचं कोडं होतं. आज तिचा चेहरा पाहून तो थांबला.

“एक सांगू? रागावू नका. तुमच्या आई सकाळी जे म्हणतात ना, ते आम्हाला वर सगळं ऐकू येतं. खिडकी उघडी असते.”

“बरं मग?”

“मी चौथा,” तो ओशाळून म्हणाला. “वैरी. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा म्हटलं, खाली जाऊन विचारतोच हिला. पण रोज ‘वरचा सुखी असो, त्याचे गुडघे बरे होवोत’! किती दिवस रागावणार हो माणूस? माझ्या गुडघ्यांचं माझ्या मुलांनी कधी विचारलं नाही. गेलो नि रबर आणलं.” मग त्याने आवाज खाली केला. “तुम्ही तिसऱ्या. मी बायकोला म्हटलंही, हे काही बरोबर नाही.”

म्हणजे इमारतीला ठाऊक होतं! वैऱ्याला तिची दया येत होती! थोरली तडक घरात शिरली आणि तिने चपला काढल्या नाहीत. आई पलंगावर कपड्यांच्या घड्या घालत होती. दोन ढीग होते, एक मोठा, एक लहान. यंत्र कानात होतं.

“धाकट्याचा फोन आला होता,” आई म्हणाली. “तू हो म्हणालीस म्हणे. मी म्हटलं, मग मीही हो.”

“एवढं सोपं?”

“तू दमलीयस. मला दिसतं.”

“दिसतं?” थोरलीचा आवाज चिरकला. “काय दिसतं तुला? रोज दिसते आणि दिसत नाही ना मी? ऐकलंय मी सकाळी. मीच काय, वरच्याने ऐकलंय, त्याच्या बायकोने ऐकलंय! ओरडत असतेस तू, आई, कुजबुजत नाहीस! दुसरा धाकटा आणि तिसरी मी. पोस्टमनच्या जागी मी!”

आईचा हात सवयीने कानाकडे गेला. यंत्र काढून ठेवलं की या घरातले वाद संपायचे, ही आईची युक्ती जुनीच होती. “काढून तर बघ,” थोरली म्हणाली. आईने हात खाली घेतला. थोडा वेळ ती मांडीवरच्या परकराची शिवण बोटांनी चाचपत राहिली. आई काय काय म्हणू शकेल, हे थोरलीने दिवसभर मनात मांडून ठेवलं होतं. तिसरी जागाच खरी मोठी असते, असं आई म्हणेल. तुझ्यावर फार जीव म्हणूनच तिथे ठेवलं, म्हणेल. किंवा नुसती रडेल. यातल्या प्रत्येकाला तिच्याकडे तोडीस तोड शब्द तयार होता.

“खरं सांगू का?” आई म्हणाली. “खोटं बोलायचं नाही असं शील घेतलंय, म्हणून सांगते. मागे एकदा तू माझी वेणी घालत होतीस. आरशात मला तुझे हात दिसत होते आणि मला काहीच वाटत नव्हतं. माया नाही, वैताग नाही, काही नाही. पंख्याचा वारा लागावा तसे हात. मी घाबरले गं. पोटच्या पोरीविषयी काही वाटेना म्हणजे माझं आत काय उरलं? म्हणून दुसऱ्या दिवशी तुला तिथे बसवलं. धाकट्यासाठी मागायला मला काही करावं लागत नाही, ते आपोआप येतं. वरच्याचाही राग यायचा, राग म्हणजे चूल पेटलेलीच असते. तुझ्यासाठी मात्र रोज काडी ओढायची. कुणाला नसेल ओढावी लागली, मला लागली. म्हटलं, मागत राहिले तर एक दिवस वाटेल.”

“मग? वाटलं?”

“कधी कधी,” आई म्हणाली. “रोज नाही.”

एवढं बोलून आईने उरलेला परकर घडी घालून लहान ढिगावर ठेवला. थोरली उभीच राहिली. हिला कुणी सांगितलं होतं इतकं खरं बोलायला? चार गोड शब्दांनी कुणाचं काय बिघडलं असतं? आणि त्याच संतापात तिला स्वतःचे हात दिसले, आईची वेणी घालणारे. ते हात तेव्हा काय करत होते? ते पेड घालत होते आणि ती मनात बसची वेळ बघत होती. आईच्या केसांचा वास कसा आहे, हे तिला सांगता आलं नसतं. आई म्हणजे औषधांच्या वेळा, आई म्हणजे बिनमिठाचं पातेलं, आई म्हणजे यंत्राचे सेल. आणि कान, लांबट, किंचित बाहेर आलेला, ज्याचा साचा डोळे मिटूनही तिला काढता आला असता. चेहरा शेवटचा कधी पाहिला होता? पण हे कबूल करायला ती तयार नव्हती. इतक्यात नाही. “तू ना,” ती म्हणाली, “जगावर माया करायला निघालीस आणि घरात उपास घडवलास. आणि वर सांगतेस काय, तर पंख्याचा वारा! जा तू धाकट्याकडे. बघ तिथे कोण काडी ओढतं तुझ्यासाठी!”

“बरं,” आई म्हणाली. पण मग जे थोरलीने कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं ते झालं. आईच्या कपाळावरची शीर उठली. “बरं तर बरं! जाते! चपला काढ आधी पायातल्या! आणि तुला वाटतं तूच तेवढं केलंस? जेवण वाढतेस ते टेबलावर आपटतेस. ताट आपटलेलं कानाला ऐकू येत नाही मला, पण टेबलाला हात असतो माझा, कळतं!” दोघींनी त्या संध्याकाळी एकमेकींना जे ऐकवलं त्यात नवं काही नव्हतं, फक्त ते पहिल्यांदा तोंडाबाहेर आलं होतं. जेवण झालं नाही. दूध नासलं तेही कुणाच्या लक्षात आलं नाही.

सकाळी थोरली वेळेवर उठली, कपडे केले, चष्मा लावला, आणि निघाली नाही. आतल्या खोलीत आईने यंत्र बशीत ठेवल्याचा बारीक आवाज आला. थोरली दाराशी येऊन उभी राहिली. पलंगावर दोन्ही ढीग तसेच होते. पाठमोऱ्या आईची वेणी तिची तिनेच घातली होती, वाकडी, एक बट मोकळी. डोक्यावर वरच्याच्या यंत्राची मऊ धडधड चालू होती.

“मी सुखी असो, निर्वैर असो.” आईचा आवाज बसलेला होता. “धाकटा सुखी असो. त्याला झोप लागो.” मग थांबली. थोरलीने चौकट धरली. “ज्याच्याविषयी आता प्रेमही नाही आणि रागही नाही, तो वरचा. वरचा सुखी असो. त्याचे गुडघे बरे होवोत.”

डोक्यावरची धडधड एकदम बंद पडली.

आईने श्वास घेतला, तो अडकला, पुन्हा घेतला. जे इतके दिवस खणखणीत, सपाट, पत्ता वाचावा तसं निघायचं ते आज तसं निघेना. “जिचा मला राग आला आहे,” आई म्हणाली, आणि तिच्या वाकड्या वेणीखालची पाठ हलायला लागली, “फार राग आला आहे, जी मला फार फार बोलली, ती थोरली. थोरली…” पुढचे शब्द यायला इतका वेळ लागला की वरचासुद्धा, श्वास धरून, जागच्या जागी उभा असावा. “थोरली सुखी असो. तिला कुणी तरी विचारो. तिला झोप लागो.”

चौथी! थोरलीला हसू आलं, आणि हसूबरोबर जे आलं ते तिने तोंडावर हात धरून थोपवलं, आणि मग थोपवण्याची काही गरज नाही, ऐकणारं कुणी नाही, हे आठवून सोडून दिलं. वैरी तर वैरी. पंख्याच्या वाऱ्यावर कुणी असं रडत नाही. तिने तिथेच फोन काढून धाकट्याला लिहिलं, ‘तिकीट काढू नकोस. खोली दुसऱ्या कुणाला तरी मिळू दे.’ आत आई आता चारी दिशांना सोडत होती, जवळच्यांना, लांबच्यांना, दिसणाऱ्यांना, न दिसणाऱ्यांना, आणि तो फाटका आवाज खिडकीतून बाहेर पडून जिन्यात, रस्त्यावर, थांब्यावर उभ्या राहिलेल्या बसपर्यंत जात असणार, असं थोरलीला वाटलं. ती उंबऱ्यापाशी खाली बसली, मांडी घातली, डोळे मिटले. मी सुखी असो, असं म्हणायला हवं होतं आधी. पण ते जिभेवर येईना. कसं करायचं असतं ते तिला नीट ठाऊकही नव्हतं. राग अजून गरम होता, तोच हाताशी होता. तिने सरळ चौथ्या जागेपासून सुरुवात केली.

“आई सुखी असो,” ती म्हणाली, मोठ्याने.